नाशिकचे डोंगर ज्वालामुखी आहेत का? ज्वालामुखींचे प्रकार आणि त्यांची घडण

गोदातटाकी (धागाकर्ता)

श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी सुरू झाली, की एक मजकूर व्हॉट्सॲपवर हटकून फिरू लागतो. ब्रह्मगिरी हा मृत ज्वालामुखी आहे, त्याच्या माथ्यावरचा खोलगट भाग म्हणजे त्याचे मुख आहे आणि अंजनेरी, रामशेज, चांभारलेणीचा डोंगर ही सगळी त्याचीच भावंडे आहेत, असे त्यात छातीठोकपणे सांगितलेले असते. यातला अर्धा भाग खरा आहे. नाशिक जिल्ह्यातला जवळजवळ प्रत्येक कातळ लाव्हारस थिजून झालेला आहे, यात वाद नाही. पण यांपैकी एकही डोंगर ज्वालामुखी नाही. तो का नाही, हे नीट समजायचे तर ज्वालामुखी किती प्रकारचे असतात आणि ते तसे का होतात, हे आधी पाहावे लागते. म्हणून हा धागा काढला आहे.

आपल्या पायाखाली सगळीकडे वितळलेला खडक भरून आहे, हा समज प्रथम बाजूला ठेवावा. भूकवचाखालचे प्रावरण प्रचंड तापलेले असले तरी ते बहुतांशी घन आहे, कारण वरच्या खडकांचा दाब त्याला वितळू देत नाही. ते वितळते ते काही ठरावीक परिस्थितींतच. जिथे दोन भूपट्ट (पृथ्वीच्या वरच्या कठीण थराचे प्रचंड तुकडे) एकमेकांपासून दूर सरकतात, किंवा जिथे तप्त खडकाचा स्तंभ खोलवरून हळूहळू वर चढतो, तिथे दाब उतरतो आणि तापमान न वाढताही खडक वितळू लागतो. जिथे समुद्रतळाचा भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो, तिथे त्याच्यासोबत खोल गेलेले पाणी वरच्या प्रावरणात शिरते आणि खडकाचा वितळणबिंदू खाली आणते. याखेरीज वर आलेला शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, भूकवचात अडकून राहिला, तर त्याच्या उष्णतेने आजूबाजूचा खडकही वितळतो आणि मूळ रसाची घडण बदलते. जगातले बहुतेक ज्वालामुखी भूपट्टांच्या कडांवर ओळीने का आहेत आणि हवाईसारखे काही थेट भूपट्टाच्या मध्यावर का आहेत, याचे उत्तर यात मिळते.

शिलारस तयार झाल्यावर पुढचे सगळे त्याच्या चिकटपणावर आणि त्यात विरघळलेल्या वायूंवर ठरते. चिकटपणा मुख्यतः सिलिकेच्या प्रमाणावर अवलंबून असतो. बेसाल्टी रसात, म्हणजे आपला काळा पाषाण ज्याचा झाला त्या रसात, सिलिका साधारण ४५ ते ५२ टक्के असते, तो अकराशे-बाराशे अंश सेल्सियसला बाहेर येतो आणि वाहता असतो. रायोलाइटी रसात सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते, तो सातशे-साडेआठशे अंशांचा, म्हणजे तुलनेने थंड आणि कमालीचा घट्ट असतो. रस वर येताना दाब कमी होतो आणि त्यातली वाफ व कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपाने सुटू लागतात. पाणी उकळताना बुडबुडे निमूटपणे वर येऊन फुटतात. दाट पिठले रटरटू लागले, की तेच बुडबुडे आत कोंडतात आणि फुटताना ओट्यावर शिंतोडे उडवतात. घट्ट शिलारसाचे असेच होते, फक्त तिथे शिंतोड्यांऐवजी डोंगराचा माथा उडतो.

पातळ बेसाल्टी रस एकाच जागेवरून पुनःपुन्हा वाहत राहिला, तर ढाल ज्वालामुखी तयार होतो. त्याचा उतार इतका सौम्य असतो, की उभे राहून पाहणाऱ्याला आपण डोंगरावर आहोत हेही जाणवू नये. हवाईचा मौना लोआ समुद्रसपाटीपासून ४१६९ मीटर उंच आहे आणि त्या बेटाचा निम्मा भाग एकट्याने व्यापतो. २०२२च्या नोव्हेंबरात तो अडतीस वर्षांनी जागा झाला. अशा उद्रेकात घरे आणि रस्ते जातात; जीवितहानी सहसा कमी होते, कारण लाव्हा बहुधा माणसाच्या चालण्यापेक्षा हळू सरकतो.

त्याच बेसाल्टी रसात वायू जास्त असला, तर तो कारंज्यासारखा उडतो, थेंब हवेतच थिजतात आणि मुखाभोवती त्यांचा ढीग साचून राखेचा शंकू उभा राहतो. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मेक्सिकोतले पारिकुतिन आहे. २० फेब्रुवारी १९४३ रोजी दिओनिसियो पुलिदो नावाच्या शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन चिरली आणि त्या चिरेतून धूर व खडे येऊ लागले. एका दिवसात तिथे सुमारे पन्नास मीटरचा ढीग झाला आणि १९५२ साली उद्रेक थांबला तेव्हा शंकू ४२४ मीटर उंच होता. सान हुआन पारांगारिकुतिरो या गावावरून लाव्हा गेला. चर्चचा मनोरा आजही थिजलेल्या लाव्ह्यातून वर डोकावतो. ज्वालामुखीचा जन्म माणसाने पहिल्या दिवसापासून पाहिल्याची उदाहरणे फार थोडी, त्यांतले हे एक. असे शंकू बहुधा एकदाच पेटतात.

चित्रांत दिसतो तो देखणा, उभ्या उताराचा, बर्फाची टोपी घातलेला डोंगर म्हणजे स्तर-ज्वालामुखी. फुजी, मायोन, व्हेसुव्हियस आणि सेंट हेलेन्स हे सगळे याच जातीचे. लाव्ह्याचे जाड, आखूड प्रवाह आणि राख-खड्यांचे थर आलटून-पालटून साचून तो वाढतो. तो बहुतेक वेळा भूपट्ट खाली घुसण्याच्या जागी असतो आणि तिथला रस पाणीदार व चिकट असल्यामुळे तो सर्वांत घातकी ठरतो. १८ मे १९८० रोजी सेंट हेलेन्सचा उत्तरेकडचा अख्खा उतार कोसळला. झाकण निघाल्यासारखा आतला दाब एकदम मोकळा झाला, डोंगराची उंची २९५० मीटरवरून २५४९वर आली आणि ५७ माणसे गेली. त्याच्या मुखात नंतर लाव्ह्याचा घुमट वाढत गेला. रस इतका घट्ट, की वाहण्याऐवजी जागच्या जागी फुगत राहतो. असे घुमट कोसळले, की तप्त राख आणि वायूंचा लोंढा उतारावरून सुटतो. मार्तिनिक बेटावरच्या माँ पेलेने ८ मे १९०२ रोजी सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत जाळले आणि सुमारे २८ हजार माणसे मारली, ती अशाच लोंढ्याने.

उद्रेक फारच मोठा झाला, तर खालचे शिलारसाचे कोठार रिकामे होते आणि वरचे छत आत बसते. या खचलेल्या विवराला कॅल्डेरा म्हणतात. १८१५च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या तांबोराचे असे झाले आणि पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही. सुमात्रातले तोबा सरोवर हे सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या अशाच, पण कितीतरी मोठ्या स्फोटाचे विवर आहे. ते जवळपास शंभर किलोमीटर लांब असून त्याची राख आंध्र प्रदेशात ज्वालापुरमच्या मातीत सापडते.

आता आपल्याकडे वळू. या सगळ्या प्रकारांत कुठे ना कुठे एक मुख आहे आणि मुखाभोवती रचलेला डोंगर आहे. दख्खनच्या पठारावर ते नाही. इथे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा मुखातून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला. तो पातळ होता आणि आला तेव्हा अफाट प्रमाणात आला, त्यामुळे शंकू रचण्याऐवजी पुरासारखा पसरला, थिजला, त्यावर दुसरा प्रवाह आला. आज उरलेला विस्तारच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. ब्रह्मगिरी, अंजनेरी, साल्हेर, कळसूबाई हे कोणीही उभारलेले डोंगर नाहीत. सपाट थरांच्या त्या थप्पीतून नद्यांनी आणि पावसाने भोवतालचे कोरून नेले आणि जे नेता आले नाही ते उभे राहिले.

पडताळणी सोपी आहे. पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ असताना त्र्यंबक रस्त्यावरून अंजनेरी आणि ब्रह्मगिरी एका नजरेत घ्यावेत. कड्यांवरचे आडवे पट्टे जवळजवळ सपाट दिसतात आणि एका डोंगराचा पट्टा दुसऱ्यावर साधारण त्याच उंचीला सापडतो. ब्रह्मगिरी ज्वालामुखी असता, तर त्याचे थर मुखापासून चहूबाजूंनी उतरते दिसले असते.

---

दिंडोरीकर

लेख आवडला. आमच्या भागात विहिरी खोदणाऱ्यांकडून जे ऐकत आलो, ते याच्याशी जुळते का, असे विचारायचे आहे. वरची काळी माती संपली, की मुरूम लागतो, मग काळा पाषाण. तो सुरुंगाशिवाय हलत नाही. त्याखाली पुष्कळदा मांजऱ्या लागतो, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा, जरा नरम, कुदळीला दाद देणारा खडक. आणि मध्येच कधी हातभर, कधी पुरुषभर जाडीचा विटकरी-तांबडा थर येतो. आमचे वडील सांगायचे, की तांबडे लागले, की हात आखडता घ्यावा. पाणी त्याच्या वर असते, ते फोडून खाली जाण्यात अर्थ नाही. शेजारच्या बागाईतदाराने हट्टाने तो थर फोडून आणखी खाली खोदाई नेली आणि होते तेही पाणी निसटले. हे थर असे एकाआड एक का येतात? आणि मांजऱ्यातले पांढरे ठिपके कसले?

---

गोदातटाकी

दिंडोरीकर दादा, तुमची विहीर म्हणजे उभा छेदच आहे. एखादा लाव्हाप्रवाह कसा थिजतो हे पाहिले, की सगळी उत्तरे मिळतात.

प्रवाह पसरू लागला, की हवेला लागलेला वरचा पापुद्रा लगेच थिजतो. हा पापुद्रा उष्णता अडवतो, त्यामुळे आतला रस दीर्घकाळ वाहता राहतो आणि मागून येणारा रस त्या कवचाखाली शिरून त्याला फुगवत जातो. काही प्रवाह आपल्या भागातून निघून जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून जवळपास हजार किलोमीटर दूर, गोदावरीच्या मुखाकडे राजमहेंद्रीपर्यंत कसे गेले असावेत, याचे स्पष्टीकरण यातच आहे. आतला भाग सावकाश, वर्षानुवर्षे निवतो. त्यातले वायू निघून गेलेले असतात, म्हणून तो घट्ट आणि एकसंध होतो. हा तुमचा काळा पाषाण. सुटलेले बुडबुडे वर चढून पापुद्र्याखाली अडकतात आणि तिथला खडक जाळीदार होतो. पुढे लाखो वर्षे त्यातून कोमट-गरम पाणी झिरपले, त्यात विरघळलेली द्रव्ये त्या पोकळ्यांत स्फटिकरूपाने साचली. हा तुमचा मांजऱ्या आणि ते पांढरे ठिपके म्हणजे बहुतांशी झिओलाइट गटातली खनिजे, कुठे कॅल्साइट, कुठे गारगोटी.

म्हणजे काळ्या पाषाणाखाली लागलेला मांजऱ्या हा पुष्कळदा खालच्या, आधीच्या प्रवाहाचा माथा असतो. दोन प्रवाहांमधला काळ लांबला, तर खालच्याचा माथा हवा-पाण्याने कुजून माती होते, कुठे तिच्यात राखही मिसळते. मग वरून नवा लाव्हा येतो आणि ती माती भाजली जाते. हाच तांबडा थर. तो चिकणमातीचा असल्याने पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून तुमच्या वडिलांचा नियम शास्त्राला धरून आहे. डोंगरातल्या टाक्या आणि झरेही पुष्कळदा अशाच सांध्यांवर असतात.

आणखी एक खूण सांगतो. एखाद्या ताज्या रस्त्याच्या कापात प्रवाहाचा अगदी तळ दिसला, तर तिथे करंगळीएवढ्या जाडीच्या, वितीपेक्षा आखूड उभ्या नळ्या दिसतात. खालच्या ओलसर जमिनीवरून वर निघालेल्या वायूच्या त्या वाटा आहेत. काहींचा शेंडा एका बाजूला कललेला असतो आणि त्यावरून लाव्हा कोणत्या दिशेने सरकत होता याचा अंदाज बांधता येतो.

---

सातमाळा

डोंगर भटकणाऱ्या माणसाचा एक प्रश्न. सपाट थर कोरून डोंगर झाले, हे पटले. पण मग धोडप किल्ल्याचे काय? त्याच्या माचीवरून निघालेली ती उभी, चिंचोळी कातळभिंत आणि तिच्यातली खाच लांबून ओळखू येते. ती काही आडवी नाही. गिर्यारोहक तिला डाइक म्हणतात. लाव्हा तिथूनच वर आला होता का? तसे असेल, तर धोडपला तरी ज्वालामुखी म्हणायला हरकत नसावी.

---

भूगोलाच्या बाई

सातमाळा, याचे उत्तर मी देते, कारण मुलांना हे शिकवताना धोडपचे छायाचित्र मी फळ्याशेजारी लावतेच.

लाव्हा भेगेतून वर येतो तेव्हा उद्रेक संपल्यावर शेवटचा रस त्या भेगेतच अडकून थिजतो आणि एक उभी पातळ पाटी तयार होते. मराठी पुस्तकांत तिला भित्ती म्हणतात. भोवतालचा खडक तिच्यापेक्षा लवकर झिजला, की ती भिंतीसारखी उघडी पडते. ही सुटी पडलेली भित्ती कधी डोंगरमाथ्यावर दिसते, कधी सपाट रानात बांधासारखी मैलभर पळते. धुळे-नंदुरबारकडे तापी खोऱ्यात अशा कितीतरी आहेत आणि त्या बहुतांशी पूर्व-पश्चिम आहेत, म्हणजे जमीन तिथे उत्तर-दक्षिण ताणली जात होती. नाशिक-पुणे पट्ट्यात मात्र त्यांना एक ठरावीक दिशा नाही.

भित्ती ओळखण्याची खूण अशी, की लाव्हा निवताना आकसतो आणि निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात तडकतो. आडव्या प्रवाहात म्हणून उभे खांब पडतात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट टेकडी याचे उत्तम उदाहरण आहे. भित्ती दोन्ही बाजूंनी निवत असल्याने तिच्यातले खांब आडवे, रचून ठेवल्यासारखे दिसतात.

तरीही धोडपला ज्वालामुखी म्हणू नये. एक तर प्रत्येक भित्ती पृष्ठभागापर्यंत पोचलेली असतेच असे नाही. पुष्कळ वाटेतच थांबतात. दुसरे असे, की भेग-उद्रेकात ज्वालामुखी म्हणून दाखवता येईल असा डोंगर मागे उरत नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य. १७८३ साली आइसलंडमध्ये लाकी येथे ८ जूनला २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने वाहत राहिली. आज तिथे शंभराहून अधिक ठेंगण्या शंकूंची एक रांग आहे, एवढेच. पण तिच्यातून निघालेल्या गंधकी वायूंनी गवत नासले, जनावरे मेली आणि दुष्काळात त्या देशाची सुमारे एक पंचमांश माणसे गेली. दख्खनच्या मोठ्या प्रवाहांपुढे लाकी किरकोळ ठरावी. आइसलंडमधलेच ग्रिंडाविक हे गाव २०२३च्या नोव्हेंबरात रिकामे करावे लागले आणि पुढच्याच महिन्यापासून त्याच्या उशाशी भेगा उघडत राहिल्या, ती चलचित्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना आपल्याकडच्या उद्रेकाची जात डोळ्यांसमोर आणता येईल. प्रमाण मात्र मनानेच वाढवावे लागेल.

धागाकर्त्यांच्या लेखात एका गोष्टीची भर घालते. पाठ्यपुस्तकांत जागृत, निद्रिस्त आणि मृत असे तीन प्रकार पाठ करून घेतात आणि मुले तेवढेच प्रकार धरून बसतात. ती विभागणी ज्वालामुखीच्या स्वभावाची नसून आपल्या माहितीची आहे. फिलिपीन्समधला पिनातुबो सुमारे पाचशे वर्षे शांत होता, त्याच्या अंगाखांद्यावर रान माजले होते. १५ जून १९९१ रोजी तो फुटला आणि त्याने वातावरणात इतका गंधकी वायू सोडला, की पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. आपल्या देशातले बॅरन बेटही दीर्घकाळ गप्प होते आणि १९९१ सालीच पुन्हा धगधगू लागले. अंदमानजवळ भारतीय भूपट्ट पूर्वेकडे खाली घुसतो, त्या घुसण्यातून हा ज्वालामुखी झाला आहे. दख्खनशी त्याचे काही नाते नाही.

---

शंकेखोर

दोन शंका आहेत, दोन्ही वादाच्या.

लोणारचे काय? गोल विवर आहे, बेसाल्टमध्ये आहे, आत खारे पाणी आहे. ते ज्वालामुखीचे मुख नाही, हे कशावरून? आणि चोपड्याकडच्या उनपदेवला, वज्रेश्वरीला जमिनीतून गरम पाणी येते. खाली काहीच पेटलेले नसेल, तर ते तापते कशाने?

---

गोदातटाकी

लोणारबद्दल एकेकाळी खरोखरच वाद होता. तो खडकांनी मिटवला. तिथल्या खडकांत अशी काचेसारखी झालेली फेल्डस्पार (खडकातले एक खनिज) सापडते, जी वितळून नव्हे, तर प्रचंड धक्क्याच्या दाबानेच तयार होऊ शकते. असा दाब कोणताही ज्वालामुखी देऊ शकत नाही, अशनीचा आघात देतो. १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवराचे वय नेमके किती, यावर मात्र अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. पन्नास हजार वर्षांपासून पाच लाख सत्तर हजारांपर्यंत आकडे दिले गेले आहेत. कोणताही आकडा धरला, तरी दख्खनचा लाव्हा त्यापूर्वी कोट्यवधी वर्षे थिजून गेलेला होता.

गरम झऱ्यांना पेटलेला डोंगर लागत नाही. जमिनीत खाली जाऊ तसे दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी तापमान वाढते. पावसाचे पाणी खोल भ्रंशातून एक-दोन किलोमीटर उतरले आणि दुसऱ्या वाटेने झपाट्याने वर आले, की ते गरमच येणार.

---

सिन्नरकर

मला बाईंना एक विचारायचे आहे. कळवण भागात अधूनमधून जमिनीला हलके हादरे बसतात आणि प्रत्येक वेळी गावात आवई उठते, की डोंगर जागा होणार. मी आमच्या आईला समजावून थकलो. तिला पटेल असे एका वाक्यात काय सांगावे?

---

भूगोलाच्या बाई

एका वाक्यात सांगायचे, तर ज्या चुलीवर हे रटरटले ती चूल आता आपल्या खाली नाही. हे वाक्य आईंसाठी. तुमच्यासाठी जरा सविस्तर.

तप्त खडकाचा जो स्तंभ त्या काळी भारताखाली होता, तो जवळजवळ जागच्या जागी राहिला आणि आपला भूपट्ट त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला. त्या काळी तो वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे भूपट्टांच्या मानाने फारच वेगाने सरकत होता. त्याच्या वाटेवर मागे लक्षद्वीप, मालदीव आणि छागोसच्या समुद्राखालच्या रांगा उरल्या, मग मॉरिशस झाले आणि आज तो स्तंभ रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पिटों द ला फुर्नेझ हा जगातल्या सर्वाधिक सक्रिय ज्वालामुखींपैकी एक असून तो ढाल प्रकारचा आहे. मॉरिशसला आपली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात; आपल्या डोंगरांचे आणि त्यांच्या बेटाचे मूळ एकच असावे, ही गंमत तिथल्या नातेवाइकांना जरूर कळवावी.

कळवणचे हादरे भूकवचातल्या जुन्या भेगांवरचा ताण सुटल्याने बसतात. शिलारस वर चढत असेल, तर हादऱ्यांसोबत जमीन फुगते, वायू सुटतात, हादऱ्यांचे केंद्र हळूहळू वर सरकते. असे इथे काही नाही. मात्र आवई ज्वालामुखीची उठली म्हणून हादऱ्यांकडेच दुर्लक्ष करू नये. दगडमातीच्या घरांना हलका भूकंपही पुरतो.

---

शंकेखोर

बाईंचे उत्तर पटले. पण मग डायनोसॉर दख्खनच्या लाव्ह्याने मेले, की मेक्सिकोत पडलेल्या अशनीने? दोन्हींचे वय ६ कोटी ६० लाख वर्षेच सांगतात. आणि एवढ्या मोठ्या भागात सगळीकडे नुसते शांतपणे वाहणेच झाले, स्फोट कुठेच झाले नाहीत, हे मनाला पटत नाही.

---

गोदातटाकी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर आनंददायक आहे: झाले, पण कडेकडेला. गुजरातेत पावागढ आणि गिरनारला सिलिकायुक्त खडक आहेत. मुंबईत पश्चिम किनाऱ्यालगत रायोलाइट, ट्रॅकाइट आणि स्फोटातून साचलेल्या राखेचे दगड सापडतात. म्हणजे एकाच मोठ्या घडामोडीत पातळ रसाचा पूरही आला आणि घट्ट रसाचे स्फोटही झाले. ज्वालामुखीचे प्रकार म्हणजे कप्पे नव्हेत. एकाच ठिकाणी, रस बदलला की प्रकार बदलतो.

डायनोसॉरांच्या बाबतीत बहुसंख्य संशोधकांचा कल आज मेक्सिकोतल्या चिक्शुलूबच्या अशनीकडे आहे. दख्खनचे उद्रेक आघाताच्या आधी सुरू झाले आणि नंतरही चालू राहिले, एवढे नक्की. त्यांनी हवामान आधीच डळमळीत केले होते का, आणि आघाताच्या धक्क्याने लाव्ह्याचा ओघ वाढला का, यावर मात्र जोरदार चर्चा चालू आहे. २०१९ साली दोन वेगवेगळ्या गटांनी अतिशय बारकाईने कालमापन केले आणि ओघ नेमका केव्हा वाढला याबद्दल त्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत. माझे मत विचाराल, तर ज्या आपत्तीने पृथ्वीवरच्या बहुसंख्य जाती नाहीशा झाल्या, तिला एकच आरोपी शोधण्याचा हट्ट कशाला?

---

सातमाळा

आता दिवाळीनंतर मुलांना घेऊन हे सगळे दाखवायचे आहे. नाशिकहून एका दिवसात होईल असे काय पाहावे?

---

सिन्नरकर

आमच्या सिन्नरला औद्योगिक वसाहतीत गारगोटी खनिज संग्रहालय आहे, तिथून सुरुवात करा. दिंडोरीकर दादांच्या मांजऱ्यातले ठिपके मोठे झाले, तर काय होतात, ते तिथे दिसते. स्टिल्बाइटचे फिकट नारिंगी पंखे, स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुयांचे झुपके, हिरवट अपोफिलाइटचे चकचकीत ठोकळे. खाणीत सुरुंगाने पोकळी फुटल्यावर हे उघडे पडतात, म्हणून शोधायला स्वतः खाणीत उतरू नका.

---

गोदातटाकी

सिन्नरनंतर वेळ उरला, तर पांडवलेणी पाहावीत. पण मूर्तींबरोबर छताकडेही पाहावे. शिल्पकारांनी सलग, एकसंध प्रवाह निवडून लेणी कोरली आहेत आणि जिथे खडकाची जात बदलते तिथे कोरीव काम कसे झिजले आहे, हे मुलांनाही ओळखता येते.

दुसऱ्या दिवसाची तयारी असेल, तर इगतपुरीकडे जावे. दख्खनच्या तळाकडच्या थरांच्या एका गटाला भूवैज्ञानिकांनी इगतपुरीचेच नाव दिले आहे, तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मांडणीत एका गटाला साल्हेरचे नाव आहे. थळ घाटाच्या परिसरात एक प्रवाह असा आहे, की काळ्या खडकात काही सेंटिमीटर लांबीचे फिकट, चपटे फेल्डस्पारचे स्फटिक विखुरलेले दिसतात. उघड्यावर झपाट्याने थिजलेल्या लाव्ह्यात एवढे मोठे स्फटिक वाढू शकत नाहीत. वर येण्यापूर्वी तो रस खाली कोठारात बराच काळ थांबलेला होता आणि ते स्फटिक तिथे वाढत होते, असा त्याचा अर्थ लावला जातो. महामार्गाच्या वळणावर मात्र गाडी थांबवू नका. मालमोटारी तिथे उतारावर वेगात असतात. गावाच्या बाजूच्या आडरस्त्यावर पडलेले दगड उलटून पाहिले, तरी स्फटिक सापडतात आणि ऊन तिरपे असताना ते आरशासारखे चमकतात, म्हणून सकाळी लवकर निघावे.